मदत हवी आहे : 'फास्ट' या शब्दात वेग आला कुठून?

नमस्कार.

माझ्या नववीतल्या भाच्याला इंग्रजीच्या उताऱ्यात 'द बोट वॉज मेड फास्ट' असे वाक्य आले आणि त्याने 'बोट वेगाने तयार केली' असा अर्थ बेधडक लिहिला. बोट धक्क्याला पक्की बांधली, असा खरा अर्थ मी सांगितला, तेव्हा त्याने विचारले, "मग फास्ट लोकल म्हणजे बांधून ठेवलेली लोकल का?" (पावसाळ्यात तोही अर्थ लागू पडतो, ते सोडा.) मला उत्तर देता आले नाही.

शब्दकोश चाळल्यावर कळले की, जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'पक्का, घट्ट, न हलणारा' असा होता आणि वेगाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. धुतल्यावर न जाणाऱ्या रंगाला 'फास्ट कलर' का म्हणतात आणि 'फास्ट अस्लीप' म्हणजे पटकन झोपणे नसून गाढ झोपणे का, याचा त्यामुळे उलगडा झाला. उपवासाचा 'फास्ट'ही याच कुळातला निघाला : नियम घट्ट पाळणे, त्यावरून अन्न वर्ज्य करणे, आणि तो उपवास सोडणारी न्याहारी म्हणजे 'ब्रेकफास्ट'. जर्मन भाषेत मात्र 'फास्ट' म्हणजे 'जवळजवळ', आणि 'पक्का' या अर्थी 'फेस्ट' असा वेगळा शब्द आहे.

माझे घोडे अडले आहे ते पुढे. 'न हलणारा' या अर्थाचा शब्द 'झपाट्याने हलणारा' या अर्थापर्यंत पोचला कसा? मला वाटते, क्रियाविशेषण म्हणून वापरताना 'घट्ट'चे 'जोर लावून' झाले असावे आणि जोर लावून धावणारा वेगानेच धावणार. आपल्या 'जोरात'चे असेच नाही का? 'दोर जोरात ओढ' यात ताकद आहे, 'जोरात पळ' यात वेग आहे आणि 'जोरात बोल' यात नुसता आवाज. ही तुलना भाच्याला सांगण्याइतकी बरोबर आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आणखी एक शंका आहे. 'क्विक'चे 'क्विकली' होते म्हणून तो 'फास्टली' लिहितो. ते चूक आहे, 'रन फास्ट' एवढेच म्हणायचे, हे मी सांगितले. 'हार्ड'चेही तसेच, कारण 'हार्डली' म्हटले की अर्थ 'जेमतेम' असा होतो. परंतु असे शब्द ओळखण्याची काही खूण आहे, की ते एकेक करून पाठच करावे लागतात?