ऑफिस सांभाळून १० किमी चॅरिटी रनची तयारी कशी करू?

कागदी_वाघीण
मंडळी, अडीच महिन्यांनी होणाऱ्या एका चॅरिटी रनमध्ये १० किमीसाठी नाव दिलंय. जमलेला निधी लहान मुलांच्या उपचारांना जाणार आहे, त्यामुळे माघार घ्यायची नाही एवढं नक्की. सध्याची अवस्था अशी: चाला म्हणाल तितकं चालेन, पण धावायला लागले की तीन-चार मिनिटांत भाता सुरू.

खरी अडचण मात्र ऑफिसची आहे. सकाळी उठावं तर आदल्या रात्री दुसऱ्या टाइमझोनचे कॉल. संध्याकाळी जावं तर नेमकं निघताना साहेब म्हणतात, "पाच मिनिटं बसूया का?" आणि ती पाच मिनिटं सव्वासातला संपतात. नेटवरून उतरवलेला आठवड्याला पाच दिवसांचा तक्ता पहिल्याच आठवड्यात बोंबलला. बूट टेबलाखाली पडून आहेत आणि येणारा-जाणारा विचारतो, "काय, ऑलिंपिक का?"

किती दिवस धावलं तर भागेल? डोकं तापलेलं असताना धावायला जावं का? आणि ऑफिसात देणगी मागायची कशी? हे शेवटचं मला धावण्यापेक्षा जड जातंय.

संथ_गती
पाच दिवसांचा तक्ता आधी फाडून टाका. नोकरी करणाऱ्या नवख्या माणसाला तीन दिवस पुरतात. 'काउच टू ५के' हा नवख्यांना ५ किमीपर्यंत नेणारा, १९९६ पासूनचा गाजलेला सराव-कार्यक्रमसुद्धा आठवड्याला तीनच दिवस धावायला लावतो. दोन दिवस अर्धा-पाऊण तास आणि सुट्टीच्या दिवशी एक लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव. यातला लाँग रन सोडायचा नाही, बाकीचे दोन ऑफिसच्या मर्जीने इकडे-तिकडे सरकले तरी चालतील. फक्त दोन धावांमध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

तीन-चार मिनिटांत दम लागतोय याचा अर्थ तुम्ही फार जोरात पळताय. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तो तुमचा वेग. लाज वाटेल इतका हळू असेल, असू द्या. सुरुवातीला एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. पंधरवड्यात ते उलटं करता येतं का बघा. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी हीच धाव-चाल पद्धत लोकप्रिय केली, तेव्हा चालण्यात कमीपणा मानू नका. शर्यतीतही चाललात तरी पदक तेच मिळतं.

लाँग रन ४ किमीपासून सुरू करून दर आठवड्याला फार तर एक किमी वाढवा. दर तीन आठवड्यांनी एक आठवडा अंतर कमी करा. शर्यतीआधी एकदा ८ किमी झाले की १० होतात, उरलेले दोन गर्दी आणि ढोलताशे काढून देतात. शेवटच्या आठवड्यात धावणं निम्म्यावर आणा, त्या आठवड्यात जास्त पळून काहीच पदरात पडत नाही.

हळूहळू वाढवायचं कारण असं की दम काही आठवड्यांत सुधारतो, पण हाडं आणि स्नायुबंध त्याच्या बरेच मागे असतात. छाती म्हणते "अजून पळ" आणि नडगी म्हणते "पुरे". नवखी माणसं छातीचं ऐकतात.

मीटिंगग्रस्त
संथ_गती यांना +१. पण संध्याकाळचा नाद सोडा, ती वेळ आपल्या मालकीची नसतेच. कॉल नसतील त्या दोन सकाळी पकडा. अगदीच नाही जमलं तर दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं भरभर चाला, आणि ज्या कॉलवर आपण नुसते "हो, हो" म्हणायला असतो तो चालत ऐका. धाव मोजली जाणार नाही, पण नऊ तास खुर्चीत आखडलेली कंबर सुटते.

आणि कॅलेंडरवर ती वेळ अडवून ठेवा. मात्र तिथे 'धावणे' लिहू नका, 'बाहेर' इतकंच लिहा. धावणे दिसलं की लोकांना ती वेळ रिकामी वाटते. 'बाहेर' वाचलं की दातांचा डॉक्टर असेल असं समजून गप्प बसतात.

उंबरठा
मी उलट सांगेन. साहेबांना सरळ सांगा की मंगळवारी-गुरुवारी सहाला निघणार आहे, अमुक तारखेपर्यंतच. मुदत कळली की माणसं ऐकतात, कायमची सवलत मागितली की भुवया चढतात. मीच टीम सांभाळतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतोय.

टाचेचा_शत्रू
बुटांबद्दल कुणीच बोललं नाही? टेबलाखालचे बूट धावायचेच आहेत ना, की जिमचे जुने? धावायचे बूट साधारण ५०० ते ८०० किमीनंतर बाद होतात. नवे घेतलेत तर शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आधी दोन-तीन लाँग रन होऊ द्या.

धावायला लागल्यावर एक-दोन दिवसांनी मांड्या भरून येतात, ते ठीक. नडगीच्या हाडावर बोट ठेवल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल तर मात्र धावणं बंद आणि डॉक्टर. प्रिंटरपाशी ताटकळताना पायांच्या बोटांवर उभं राहून टाचा वर-खाली करा. पोटऱ्यांना त्याचा फायदा होतो, आणि प्रिंटर तसाही वेळ देतोच.

मीटिंगग्रस्त
तापलेल्या डोक्याचा प्रश्न राहिला. माझ्या मते जावंच. राग काढायला यापेक्षा स्वस्त जागा नाही.

संथ_गती
इथे थोडा असहमत. रागात वेग आपोआप वाढतो आणि हलकी धाव शर्यत होऊन बसते. जा, पण पहिली दहा मिनिटं नुसतं चाला आणि फोनवरचे मेल बंद ठेवा. ऑफिसचा ताण आणि धावण्याचा ताण शरीर एकाच खात्यात मांडतं. रात्री चार-पाच तासच झोप झाली असेल तर धाव सोडून झोपा, त्यात आळस नाही. कमी झोपेत दुखापती वाढतात.

उंबरठा
देणगीबद्दल. सगळ्यांना एकच मेल टाकू नका. त्याला उत्तर द्यायचं काम प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो. एकेकाला वेगळा निरोप पाठवा, पैसा कुठे जाणार ते एका वाक्यात लिहा आणि लहानशी ठरावीक रक्कम सुचवा. १९८० मध्ये कर्करोगाने एक पाय गमावलेला टेरी फॉक्स कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी कृत्रिम पाय लावून धावत कॅनडा ओलांडायला निघाला, तेव्हा त्याचं मागणं होतं माणशी एक डॉलर. १४३ दिवसांत ५,३७३ किमी झाल्यावर कर्करोग फुफ्फुसात पोचला आणि त्याला थांबावं लागलं, पण पुढच्या काही महिन्यांत कॅनडाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे २ कोटी ४० लाखांवर डॉलर जमले. मागणं छोटं असलं की नाही म्हणणं अवघड जातं.

पहिली देणगी स्वतःची टाका, शून्यावरचा आकडा कुणाला आवडत नाही. पगार झाल्यावर मागा. आणि तुमच्या हाताखाली कुणी असेल तर त्यांच्याकडे अजिबात मागू नका. ती देणगी राहत नाही, वसुली होते.

"ऑलिंपिक का?" विचारणाऱ्यांना लगेच लिंक पाठवा. चेष्टा केली की पावती, असा नियमच करा.

कागदी_वाघीण
शेवटचं फारच आवडलं, उद्यापासून लागू. मंगळवार-गुरुवार सकाळ आणि रविवार असं ठरवतेय. साहेबांशी सोमवारी बोलते (मुदतीसह). एक शंका: एखादी धाव बुडाली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट धावून भरून काढायची का?

संथ_गती
नाही. बुडाली ती बुडाली, पुढची जशी ठरली आहे तशीच धावा. पूर्ण आठवडाच गेला तर मागच्या आठवड्याचं अंतर पुन्हा करा, पुढे उडी नको.

टाचेचा_शत्रू
वाघीणताई, शर्यतीच्या दिवशी तहान लागेल तेवढंच पाणी प्या, उगीच घटाघटा नको. आणि चार सेफ्टी पिना घरूनच न्या. नंबराच्या कागदासोबत कधी दोनच मिळतात, मग तो कागद सगळी शर्यत फडफडत राहतो.