मदत हवी आहे: कोल्ड स्टोरेजमधला डीफ्रॉस्ट टायमरवर ठेवावा की गरजेनुसार?

नमस्कार मंडळी. फ्रोझन मालाच्या गोदामाची देखभाल माझ्याकडे आहे. तापमान उणे १८ अंश, सिस्टीम अमोनियावर. वीज वाचवायचीय, पण सुरुवात कुठून करावी यावर आमच्यात एकमत होत नाहीये.

सध्या सगळ्या कॉइलचा (हवा थंड करणाऱ्या नळ्यांचा) डीफ्रॉस्ट, म्हणजे उष्णता देऊन त्यांच्यावरचा बर्फ वितळवणं, टायमरवर, ठरलेल्या वेळी होतो. लोडिंगच्या दाराजवळच्या कॉइलमध्ये फिन्सच्या (नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांच्या) फटी बर्फाने बुजलेल्या असतात, मागच्या कोपऱ्यातली मात्र जवळजवळ स्वच्छ. तरी दोन्हींना उष्णता सारखीच! वर खोलीत शिरलेली ती उष्णता कॉम्प्रेसरनेच बाहेर काढायची, म्हणजे दुहेरी भुर्दंड. गरजेनुसार होणारा डीफ्रॉस्ट कोणी बसवलाय का? कोणता सेन्सर टिकतो, हवेच्या दाबातला फरक मोजणारा की बर्फाची जाडी मोजणारा?

दुसरं म्हणजे पंख्यांना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण). वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज साधारण निम्मीच लागते, हे कागदावर पटतं. पण वरच्या रॅकच्या टोकापर्यंत हवा पोचते का?

व्यवस्थापनाच्या डोक्यात तापमान उणे १५ वर न्यायचं आहे. बचत होईल, नाही असं नाही. पण लेबलवर आणि ग्राहकांच्या करारात उणे १८ लिहिलंय त्याचं काय? माझ्या मते आधी दार सांभाळावं. ट्रक आणि डॉकमधल्या फटीतून दमट हवा आत येतेय तोवर बाकी सगळं वरवरचं.

मीटर लावून आधीचे-नंतरचे युनिट मोजलेल्यांनी जरूर लिहा. विक्रेत्यांची माहितीपत्रकं भरपूर वाचून झालीत.