मोबाइल आहे, पण माणूस कुठे आहे?

'आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग स्थानिक बातमीला वेगळा छायापत्रकार कशाला?' हा मुद्दा मला अजिबात पटला नाही. मोबाइलवाला आग लागली, झाड पडलं की फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी तिथे कोण जातं?

छायापत्रकार सुधारक ओलवे यांचं काम बघा. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेला, डोक्यापर्यंत घाणीने माखलेला माणूस त्यांच्या चौकटीत दिसतो, तसाच त्याच कामगारांचा घरसंसारही दिसतो. नुसती घाण दाखवली असती तर आपण नाक मुरडून पान उलटलं असतं. घरात पाऊल ठेवू देण्याइतका विश्वास एका दुपारी कमावता येत नाही. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण मला त्यांची ती चिकाटी जास्त मोठी वाटते.

मुंबईतल्या आमच्या नायगावात बीडीडी चाळींचा, म्हणजे ब्रिटिशकाळात बांधलेल्या जुन्या चाळींचा, पुनर्विकास चाललाय. टॉवरचे फोटो सगळीकडे येतात. सामायिक गॅलरीत पापड वाळत घालणाऱ्या बायका, दहा बाय सोळाच्या खोलीतला पोटमाळा, संक्रमण शिबिरात (नवं घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या जागेत) ट्रंका हलवणारी म्हातारी माणसं, हे टिपायला चाळीतलं कुणीतरी ओळखीचं लागतं. परका कॅमेरा दिसला की बायका आत निघून जातात, आणि ते बरोबरच आहे.

वर्तमानपत्रांनी उपनगरांच्या पुरवण्यांसाठी असा एखादा माणूस पगारावर ठेवायलाच हवा. फोटोमागे पैसे देऊन हे काम होत नाही.