दादरच्या रस्त्यांची नावे: कॅडल, केळुसकर, बोले यांविषयी चौकशी

पत्रपेटी:
नमस्कार. आजोबांच्या ट्रंकेत १९५० च्या सुमाराची काही पत्रे सापडली. एका पाकिटावर ‘कॅडल रोड, मुंबई २८’ असा पत्ता आहे, तर दुसऱ्यावर ‘व्हिन्सेंट रोड, मुंबई १४’. हे दोन्ही रस्ते आज कोणत्या नावाने ओळखले जातात? शिवाय लहानपणापासून माझा असा समज होता की केळकर रोड आणि केळुसकर रोड हा एकच रस्ता असून कोणीतरी पाटी चुकीची रंगवली आहे; तो समज खरा नाही, हे आता कळते आहे. लेडी जमशेटजी दादरला राहत होत्या काय, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

समुद्राकडची गल्ली:
कॅडल रोड म्हणजे आजचा स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग. पॅट्रिक कॅडल हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आणि त्या काळी नव्या रस्त्यांना अधिकाऱ्यांची नावे देण्याचा प्रघातच होता. सावरकरांचे अखेरपर्यंतचे वास्तव्य शिवाजी पार्कजवळच होते, त्यामुळे नव्या नावाला जागेचा आधार आहे, असे म्हणता येईल. व्हिन्सेंट रोड तो आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग.

लेडी जमशेटजींचा मात्र दादरशी संबंध राहण्याचा नाही, वाटेचा आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी पूर्वी होडीने ओलांडावी लागे आणि तेथे बांध घालण्याचा खर्च करण्यास सरकार तयार नव्हते. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे वाहतुकीला खुला झाला. आज ज्याला आपण नुसते ‘एल. जे. रोड’ म्हणतो, तो त्या कॉजवेकडे जाणारा रस्ता आहे. आद्याक्षरांत बाईंचे स्वतःचे नाव नाहीच, नवऱ्याचे आहे, ही गोष्ट मला दर वेळी खटकते.

जुना वाचनालयवाला:
केळकर आणि केळुसकर यांचा घोळ पुष्कळांचा होतो, तेव्हा आपण एकट्या नाही. न. चिं. केळकर हे ‘केसरी’चे संपादक आणि टिळकांचे चरित्रकार. राजकारणात मवाळ पक्षाचे गोखले आणि टिळकपक्षाचे केळकर यांचे रस्ते दादरला हाकेच्या अंतरावर आहेत, आणि रुळांवरून पूर्वेकडे जायचे झाले तर पूल टिळकांचा!

कृष्णराव अर्जुन केळुसकर हे निराळे गृहस्थ. त्यांनी १९०६ साली मराठीत शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाचे रस्ते शिवाजी पार्कच्या अगदी कडेला आहेत, ही नेमणूक मला फार समर्पक वाटते. हे मैदान १९२५ साली झाले तेव्हा त्याचे नाव ‘माहीम पार्क’ होते. महाराजांचे जन्मवर्ष तेव्हा १६२७ धरले जाई, म्हणून १९२७ हे त्रिशताब्दीचे वर्ष ठरले, आणि त्याच वर्षी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने मैदानाला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. या अवंतिकाबाई १९१७ साली गांधीजींबरोबर चंपारणला गेल्या होत्या आणि त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्रही लिहिले. महापालिकेत नाव बदलण्याचे ठराव आज रोज होतात. परंतु ज्यामुळे मूळ नाव लोकांच्या स्मरणातून पूर्णपणे पुसले गेले, असा हा विरळा ठराव आहे.

पूर्वेकडचा:
वरील उत्तराला एक जोड देतो, कारण केळुसकरांची ओळख शिवचरित्रावर संपत नाही. शाळकरी भीमराव आंबेडकरांच्या परीक्षेतील यशाबद्दल सत्कारसभा झाली, तेव्हा केळुसकरगुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठीही त्यांनीच खटपट केली. त्या सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. पोर्तुगीज चर्चजवळचा एस. के. बोले रोड तो यांचाच. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा ठराव बोल्यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर करून घेतला, आणि त्या ठरावाची अंमलबजावणी व्हावी म्हणूनच १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला.

म्हणजे पाहा, त्या सभेत पुस्तक देणारे आणि अध्यक्षस्थानी बसलेले असे दोघेही पश्चिम दादरच्या दोन रस्त्यांवर आहेत, आणि ज्या विद्यार्थ्याचा सत्कार झाला त्याचे नाव पूर्वेच्या हमरस्त्याला आहे. त्या विद्यार्थ्याने पुढे बांधलेले ‘राजगृह’ही त्या हमरस्त्याजवळच, हिंदू कॉलनीत आहे. नावे देणाऱ्यांनी हे योजून केले असेल असे मला वाटत नाही, पण मी त्या बाजूने चालत जाताना तिघांना एकत्रच आठवतो.

पत्रपेटी:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता एकच शंका उरली. तिसऱ्या पाकिटावर ‘तुळशी पाईप रोड’ आहे. तुळशी हे कोणाचे आडनाव?

समुद्राकडची गल्ली:
आडनाव नव्हे, तलाव. १८७९ साली पूर्ण झालेल्या तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणारी नळवाहिनी रेल्वेच्या कडेने गेली आणि त्या वाटेला लोकांनीच हे नाव दिले. आज पाटीवर ‘सेनापती बापट मार्ग’ आहे. गंमत अशी की पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लाभली ती मुळशीच्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहामुळे. आणि त्यांचे नाव दिले गेले ते नेमके तलावाच्या पाण्यावरून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याला. तेव्हा टॅक्सीवाल्याला सांगताना ‘तुळशी पाईप’ म्हणालात तरी तो बरोबर नेऊन सोडील, फक्त पुढच्या पत्रावर बापटांचे नाव लिहावे.