एचआयव्हीची सुप्तावस्था: मायक्रो-आरएनएला इतकं श्रेय द्यावं का?

मृणाल:
एआरटीने (एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांच्या एकत्रित उपचाराने) रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी होतो, पण औषधं थांबवली की बहुतेकांत काही आठवड्यांतच तो परत येतो. विश्रांतीतल्या स्मृती सीडी४ पेशींच्या (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या) डीएनएत तो गप्प बसलेला असतो; हीच त्याची सुप्तावस्था. २००७ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवलं गेलं की याच पेशींतले पाच मायक्रो-आरएनए, म्हणजे जनुकांना आवर घालणारे अगदी छोटे आरएनए (२८, १२५बी, १५०, २२३, ३८२), विषाणूच्या आरएनएच्या शेपटाला चिकटून प्रथिनं बनू देत नाहीत. ते निकामी केल्यावर एआरटीवरच्या रुग्णांच्या पेशींतून विषाणू बाहेर पडू लागला. इतका थेट पुरावा असूनही सुप्तावस्थेची चर्चा क्रोमॅटिनपाशीच, म्हणजे डीएनए प्रथिनांभोवती कसा गुंडाळलाय यापाशीच, थांबते, हे मला पटत नाही.

सुहास:
ती तिथे थांबते कारण मुख्य कुलूप तिथेच आहे. मायक्रो-आरएनएचं काम आरएनए बनल्यावर सुरू होतं, आणि या पेशींत तो बनतोच फार थोडा. जनुकं चालू करणारं एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन केंद्रकाबाहेर अडकलेलं, विषाणूच्या प्रवर्तकावर (जिथून जनुक वाचणं सुरू होतं तिथे) न्यूक्लिओसोम म्हणजे डीएनए गुंडाळलेली प्रथिनांची गुंडी, आणि विषाणूचं टॅट हे प्रथिन नसेल तर सुरू झालेलं लिप्यंतरणही (डीएनएवरून आरएनए बनणं) थोडं पुढे जाऊन अडतं. शिवाय २०१३ मध्ये संसर्गित पेशींत थेट मोजणी झाली, तेव्हा एचआयव्हीचे आरएनए मायक्रो-आरएनएंना फारशी दादच देत नाहीत असं निघालं. विषाणू स्वतःचे मायक्रो-आरएनए बनवतो, या दाव्यालाही त्यात आधार मिळाला नाही.

मृणाल:
पण त्या पेशींत विषाणू जोमाने बनत होता. सुप्त पेशीतलं गणित वेगळं. टॅट स्वतःचंच उत्पादन वाढवतो, त्यामुळे सुरुवातीचं चिमूटभर टॅट रोखलं तरी अख्खं चक्र सुरूच होत नाही. आरएनए थोडा असतो, म्हणूनच तिथला छोटा अडथळाही मोठा ठरतो.

इरावती:
तुम्ही दोघंही फक्त विषाणूच्या आरएनएकडे बघताय. टॅटला पी-टेफ-बी हा लिप्यंतरण पुढे रेटणारा पेशीतला प्रथिनसमूह लागतो, आणि त्याचा एक भाग म्हणजे सायक्लिन टी१. मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये मायक्रो-आरएनए १९८ हे प्रथिनच दाबून ठेवतो. त्याहून ठळक उदाहरण ७एसकेचं: सुमारे ३३० अक्षरांचा हा आरएनए हेक्झिम१ या प्रथिनाच्या साथीने पी-टेफ-बीला निष्क्रिय अवस्थेत धरून ठेवतो, आणि टॅट पी-टेफ-बीला तिथून ओढून घेतो. म्हणजे सुहास, तुमच्या कुलपातसुद्धा एक छोटा आरएनए बसलेला आहे.

सुहास:
७एसके पूर्ण मान्य. पण तो पेशीच्या स्वतःच्या जनुकांनाही आवर घालतो, त्याला हात लावायचा कसा? हेपटायटिस सी मध्ये मायक्रो-आरएनए १२२ अडवून रुग्णांतला विषाणू कमी झाला, कारण तिथे विषाणूलाच तो हवा असतो आणि औषध यकृतात सहज पोचतं. इथे लाखो पेशींत एखादीच सुप्त, तीही शरीरभर विखुरलेली. आणि सुप्त विषाणूला जागं करून तरी काय? व्होरिनोस्टॅट या त्याला जागं करणाऱ्या औषधाने विषाणूचा आरएनए वाढला, साठा काही घटला नाही.

मृणाल:
मग जागं करूच नका. प्रवर्तकावर नेम धरलेल्या कृत्रिम छोट्या आरएनएंनी प्रयोगशाळेतल्या पेशींत विषाणू दीर्घकाळ गप्प ठेवलाय. मला खरी आशा या दिशेने वाटते.

सुहास:
दिशेला माझा विरोध नाही. पण असा आरएनए प्रत्येक सुप्त पेशीपर्यंत कसा न्यायचा, ते आधी सांगा.