इलेक्ट्रॉनिक्स-आयटी प्रसाराचा पुरस्कार: नामांकनात काय लिहावं?

प्रश्न:
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारासाठी असलेल्या पुरस्काराकरिता एका शिक्षकांचं नामांकन भरायचं आहे. काम शाळकरी मुलांच्या सर्किट-कार्यशाळांचं. 'कार्याचा परिणाम' या रकान्याला ४००० कॅरेक्टरची मर्यादा आहे. त्यात काय यायलाच हवं? आणि मराठी मजकूर फॉर्म अर्ध्यातच तोडतो, तो का?

प्रतिसाद १:
हजेरीचा आकडा पुढे करू नका, त्यातून फक्त गर्दी कळते. आलेली मुलं किती, स्वतःच्या हातानं सर्किट चालू केलेली किती, आणि सहा महिन्यांनीही काहीतरी बनवत असलेली किती, हे वेगवेगळं द्या. शेवटचा आकडा लहान असणारच, तरी तोच सगळ्यात मोलाचा.

शिवाय एकच प्रश्न कार्यशाळेआधी आणि नंतर विचारलेला असेल तर ते निकाल जोडा. उदा. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, १५ मिलिअँपिअर प्रवाह. प्रवाह मर्यादेत ठेवणारा रेझिस्टर किती ओहमचा? एलईडीवर साधारण २ व्होल्ट जातात, उरले ७. ७ भागिले ०.०१५ म्हणजे साधारण ४६७, त्याला जवळचा मिळणारा रेझिस्टर ४७० ओहमचा. हे आधी किती जणांना जमलं आणि नंतर किती जणांना, यापुढे पानभर कौतुक फिकं आहे.

प्रतिसाद २:
दुसऱ्या शाळेला हे जसंच्या तसं करता येईल का, तेही दिसू द्या. 'टायमर सर्किट शिकवलं' एवढ्यानं भागत नाही. ५५५ आयसी (टायमरची चिप), १० के आणि ६८ के रेझिस्टर (के म्हणजे हजार ओहम), १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सेकंदाला साधारण एक लुकलुक, असं मूल्यांसकट लिहा. मुलांचं कुठे अडतं तेही लिहा: अधिक-उणे टोकं असलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा लागतो, आयसीची ४ नंबरची रीसेट पिन मोकळी राहते, काही लांब ब्रेडबोर्डांची (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या भोकांच्या पाट्यांची) पुरवठ्याची पट्टी मधोमध तुटक असते आणि अर्ध्या बोर्डाला वीजच पोहोचत नाही. काम जवळून पाहिल्याशिवाय हे लिहिता येत नाही, म्हणून ते पटतं.

मुलांचे फोटो जोडणार असाल तर पालकांची लेखी संमती आधी घ्या.

प्रतिसाद ३:
मजकूर तुटण्याबद्दल. फॉर्म बहुधा चिन्हं (कॅरेक्टर) नाही, तर बाइट (संगणकातल्या साठवणीचं एकक) मोजतोय. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. 'विद्यार्थी' डोळ्यांना तीन अक्षरं, पण आत १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. ४००० बाइटांत जेमतेम १३३३ चिन्हं बसतात. रिकाम्या जागा १ बाइटच्या, म्हणून थोडी जास्त.

मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतांत) बदला, नाहीतर फॉर्ममध्ये इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात. पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच साठवा.

प्रश्नकर्ता:
मर्यादा बाइटची की चिन्हांची, हे मजकूर लिहिण्याआधी कळेल का?

प्रतिसाद ३:
हो. रकान्यात ४००० वेळा 'क' पेस्ट करा, मसुदा सेव्ह करा आणि पान पुन्हा उघडा. १३३३ उरले तर बाइट, सगळे राहिले तर चिन्हं. सेव्ह न करता पाहू नका. काही फॉर्म पडद्यावर सगळं दाखवतात आणि साठवताना कापतात.