अनुभव धागा : परसातली भाजी, गादीवाफे आणि लागवडीच्या वेळा

वाफा किती उंच केलात, काय कधी लावलंत, हाती काय आलं, ते इथे लिहा. फसलेलं आवर्जून लिहा, नवीन माणसाला त्याचाच जास्त उपयोग होतो.

सुरुवात माझ्यापासून. पुण्यात घरामागे 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद असे दोन गादीवाफे आहेत. रुंदी याहून वाढवू नका. दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचायला हवा, वाफ्यात पाय पडला की माती दबते. पहिल्या वर्षी मृगाच्या पावसाआधी टोमॅटोचं बी थेट वाफ्यात टाकलं. एका रात्रीत सगळं वाहून कडेच्या चिखलात गोळा झालं. आता ट्रेमध्ये रोपं करते आणि 25-30 दिवसांची झाली की संध्याकाळी लावते.

रत्नागिरीहून : आमच्याकडे जूनमध्ये सपाट वाफा म्हणजे डबकंच. मी जांभ्याच्या चिऱ्यांची फूटभर कड केली, तळाशी नारळाची सोडणं, वर शेणखत-माती. काकडी, पडवळ, दोडकी मृगात लावून मांडवावर सोडतो. गणपतीत घरची काकडी असते. मुळा आणि लाल माठ भातकापणीनंतर.

डोंबिवलीहून, गच्चीवाले : आधी वजनाचा हिशेब करा. गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 150 किलो धरून केलेला असतो आणि 20 सेंमी ओली माती 300 किलोच्या पुढे जाते. आम्ही विटांचे वाफे मातीने भरले होते, खालच्या मजल्यावर ओल उतरली. सगळं उपसावं लागलं, शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. आता इंजिनिअरला दाखवून, वॉटरप्रूफिंग करून, सुकलेला पालापाचोळा आणि उसाची चिपाडं भरतो. माती अगदी थोडी. पालक, मेथी छान येतात.

नागपूरहून : काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून शेणखत भरपूर घालून वाफा उंच केला. सांबार (तुमची कोथिंबीर) मे महिन्यात पेरून पाहिला, बोटभर झाला आणि करपला. तेव्हापासून दसऱ्यानंतरच. धणे चपलेने हलके रगडून दोन फाका करायचे आणि रात्रभर भिजवायचे.

त्यांना माझं उत्तर : दादा, रगडण्याचं अगदी खरं. अख्खे धणे टाकले तेव्हा माझे निम्मे उगवलेच नाहीत.

न्यू जर्सीहून : इथे नक्षत्रांऐवजी शेवटचं दहिवर (थंडीने गोठणारं दव) बघतात. गेल्या वर्षी एप्रिलच्या उबेला भुलून वांग्याची रोपं बाहेर लावली. सकाळी पानं शिजवल्यासारखी काळपट, लिबलिबीत. आता मार्चमध्ये घरात खिडकीशी बी लावते, वांगी-मिरच्या मेच्या मध्यानंतरच बाहेर. मेथी मात्र एप्रिलमध्येच पेरते, तिला थंडी मानवते. लसूण ऑक्टोबरमध्ये लावून पेंढ्याखाली झाकते, तो जुलैत निघतो. हरणांसाठी वाफ्याभोवती उंच जाळी लागतेच. रत्नागिरीच्या दादांना एक विचारायचंय, सोडणं किती वर्षांनी बदलता?

रत्नागिरीहून : बदलत नाही ताई. ती कुजून खाली बसतात, दर मेमध्ये वरून शेणखत आणि पाला भरतो.